उरलेल्या घटकेचा धनी

वेळ वाचवावा, याबद्दल सहसा कोणाचे दुमत नसते. वडील माणसे मुलांना तेच सांगतात, शाळेतले मास्तर तेच सांगतात, आणि यंत्र विकणारा दुकानदारही तेच सांगतो. परंतु वाचलेला वेळ कोणाचा, हा प्रश्न फारसा कोणी विचारीत नाही. पैसा वाचला तर तो कोणाच्या पेटीत पडला हे दाखवता येते. धान्य वाचले तर ते कणगीत दिसते. वेळ वाचतो असे आपण रोज म्हणतो. पण संध्याकाळी हिशेबाला बसावे तर तो कोणाच्याच पदरी दिसत नाही. मग तो गेला कोठे?

प्रश्न हवेत राहू नये म्हणून तो एका जागी आणून ठेवू. नागपूरहून यवतमाळला जाताना, यवतमाळच्या वीस-बावीस किलोमीटर अलीकडे, कळंब लागते. बाहेरच्या लोकांना ते चिंतामणीचे कळंब म्हणून ठाऊक असते. तेथे गणपतीच्या दर्शनाला पायऱ्या चढून जावे लागत नाही, उतरून जावे लागते; देव जमिनीच्या पातळीखाली, कुंडापाशी बसला आहे. जुने गाव आहे. अकबराच्या काळी वऱ्हाडच्या सुभ्यात जी सरकारे होती, त्यांत कळंबचे नाव आहे. परंतु आजूबाजूच्या काळ्या मातीत पिढ्यान्‌पिढ्या राबणाऱ्या माणसाला विचाराल, तर तो गावाची ओळख कापसावरून सांगेल. दसरा उलटून दिवाळी जवळ आली, की शेतात सीतादही होते, वेचणी सुरू होते, आणि बैलगाड्या, ट्रॅक्टर, मालमोटारी कापूस घेऊन बाजाराकडे आणि जिनिंगकडे निघतात. आपल्याकडचे दिवे लागतात ते या हंगामाच्या तोंडावर.

जिनिंगमध्ये होते काय? कापसातून रुई वेगळी, सरकी वेगळी. शंभर किलो कापसातून साधारण तेहतीस-चौतीस किलो रुई निघते; बाकीची बहुतेक सरकी. रेच्यामध्ये चामड्याचे लाटण्यासारखे रूळ असतात. रूळ कापसाचे तंतू ओढून घेतो, एक पाते त्याला टेकून स्थिर असते आणि दुसरे वरखाली हलत सरकीला धक्का देऊन मोकळी करते. मॅकार्थी नावाच्या अमेरिकन माणसाने १८४० साली काढलेली ही युक्ती आहे, आणि आपल्या देशातील बहुसंख्य रेचे अजूनही तिच्याच वंशातले आहेत. चामडे झिजते, त्यावर पुन्हा खाचा पाडाव्या लागतात. पाते आणि रूळ यांच्यातले अंतर बिघडले, तर एकतर सरकी फुटून रुईत उतरते किंवा सरकीला रुई चिकटून राहते. हे अंतर सांभाळणारा तो मिस्त्री. त्याच्याजवळ मोजमापाची साधने असतातच. पण खरे साधन म्हणजे त्याचा कान.

असे दोन मिस्त्री आहेत अशी कल्पना करू. एक दिवसभर हातात पाना घेऊन या रेच्याकडून त्या रेच्याकडे धावतो. अंगाला तेल, कपाळाला घाम. दुसरा हंगामापूर्वी आठ दिवस खपून प्रत्येक रूळ, प्रत्येक पाते लावून घेतो. आणि हंगाम सुरू झाला की सकाळी एक फेरी, दुपारी एक फेरी, एरवी दाराशी स्टुलावर बसून असतो. त्याचे रेचे बंद पडत नाहीत. मालक येतो. त्याला पहिला दिसतो तो कामसू, दुसरा दिसतो तो ऐदी. तो दुसऱ्याला म्हणतो, "काय मिस्त्री, बसूनच पगार खाता का?" आणि मिस्त्री म्हणतो, "शेटजी, मशीन चालू हाये म्हून मी बसून हाओ. थे बसली का मी उठतो."

उत्तर मार्मिक आहे. पण शेटजींचा प्रश्नही सर्वस्वी मूर्खपणाचा नाही. त्यांनी आठ तासांचे दाम मोजले आहेत. मिस्त्रीचे काम दोन तासांत उरकते. मग उरलेले सहा तास कोणाचे? मालक म्हणेल, माझे. कारण मी ते विकत घेतले आहेत. मिस्त्री म्हणेल, माझे. कारण ते माझ्या अकलेतून निर्माण झाले आहेत, मी अडाणी असतो तर ते नसतेच. हाच प्रश्न आज कळंबहून शिकून पुण्याला संगणकाच्या कचेरीत गेलेल्या मुलासमोर उभा असतो. आठ तासांचे तक्ते भरण्याचे काम एक छोटी आज्ञावली लिहून तो अर्ध्या तासात करून टाकतो, आणि मग वरिष्ठाला सांगावे की न सांगावे, या विचारात पडतो. सांगितले तर दुपारी आणखी आठ तासांचे काम टेबलावर येईल. न सांगितले तर रात्री झोपताना कोठेतरी टोचेल. रेचा आणि संगणक यांत शतकाचे अंतर असले तरी स्टूल एकच आहे.

मालकाचा पक्ष जगात फार हुशारीने मांडला गेला आहे. फ्रेडरिक टेलर या अमेरिकन अभियंत्याने १९११ साली आपला शास्त्रीय व्यवस्थापनाचा ग्रंथ प्रसिद्ध केला. कामगार मुद्दाम हळू काम करतात, हे त्याचे मुख्य दुखणे होते. ते तसे का करतात, हेही त्याने प्रामाणिकपणे नोंदवले: जास्त काम करून दाखवले की मालक दर कमी करतो, हे त्यांना अनुभवाने कळलेले असते. त्याने एका मजुराचे उदाहरण दिले आहे. लोखंडाच्या लाद्या वाहण्याचे काम हा मजूर दिवसाला साडेबारा टन करी. टेलरने घड्याळ लावून, केव्हा उचलायचे आणि केव्हा विसावा घ्यायचा हे ठरवून देऊन त्याच्याकडून सत्तेचाळीस टन करवून घेतले. मजुरी एक डॉलर पंधरा सेंटवरून एक डॉलर पंच्याऐंशी सेंट झाली. आपल्या घरातील सातवीतल्या मुलालाही हे गणित घालता येईल. काम जवळजवळ चौपट, मजुरी दीडपटीहून थोडी अधिक, आणि घरी जाण्याची वेळ तीच. टेलरला यात दोघांचेही कल्याण दिसले. मला यात एक प्रश्न दिसतो: त्या मजुराने साडेबारा टन सकाळीच वाहून टाकून उरलेला दिवस मुलाबाळांत का घालवू नये, असे त्याला कोणी विचारले होते काय? ग्रंथातल्या हिशेबात वाचलेल्या वेळाला एकच वाट आहे, आणि ती पुन्हा कामाकडे जाते.

आपल्याकडेही वेगळे घडले नाही. नागपूरला जमशेटजी टाटांनी १ जानेवारी १८७७ रोजी एम्प्रेस मिल सुरू केली. वऱ्हाड-नागपूरचा कापूस तेथे सूत होऊ लागला. ती गिरणी आपल्या काळाच्या मानाने चांगली होती. १९०१ साली तिने कामगारांसाठी भविष्यनिर्वाह निधी सुरू केला. नव्या तऱ्हेच्या चात्याही तिने लवकर आणल्या. चात्या वेगाने फिरू लागल्या, सूत वाढले. परंतु गिरणीचा दिवस त्यामुळे लहान झाला नाही. त्या काळचा गिरणीचा दिवस सूर्य उगवण्यापासून मावळेपर्यंतचा असे, आणि पुढे विजेचे दिवे आले तेव्हा तो सूर्यालाही जुमानीनासा झाला.

मग दिवस लहान झाला तो कशाने? यंत्राने नव्हे, माणसांनी मागितला म्हणून झाला. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईत गिरणी कामगारांची संघटना उभारली, हजारो सह्यांचा अर्ज केला, आठवड्यात एक दिवस सुटी मागितली. सहा वर्षांनी, १० जून १८९० रोजी, गिरणीमालकांनी रविवारची सुटी मान्य केली. पुढे १९११ च्या कायद्याने कापडगिरणीतल्या पुरुषांचा दिवस बारा तासांवर आला. १९२२ साली आठवडा साठ तासांचा ठरला. १९३४ साली बारमाही कारखान्यांना चोपन्न तास झाले; परंतु हंगामी कारखान्यांना साठच राहिले. आमचे जिनिंग हंगामी! म्हणजे मुंबईच्या मजुराला मिळालेले सहा तास वऱ्हाडच्या मजुरापर्यंत पोचले नाहीत. डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरखाते सांभाळीत होते, त्या काळातच १९४६ ची दुरुस्ती झाली आणि बारमाही कारखान्यांचा आठवडा अठ्ठेचाळीस तासांचा झाला. १९४८ च्या कायद्याने ही मर्यादा सर्वच कारखान्यांना लावली.

या सनावळीचा अर्थ लक्षात घेण्याजोगा आहे. चात्या, रेचे, इंजिने यांनी वेळ निर्माण केला. पण तो आपोआप कोणाच्या घरी चालत आला नाही. इंग्रज अर्थशास्त्रज्ञ केन्स याने १९३० साली असे भाकीत केले होते, की शंभर वर्षांत माणसाला आठवड्याला पंधरा तास काम पुरेल आणि मग उरलेल्या वेळाचे काय करावे हीच खरी चिंता होईल. शंभरी भरायला आता थोडीच वर्षे उरली आहेत. उत्पन्न वाढेल हा त्याचा अंदाज पुष्कळ देशांत खरा ठरला. पंधरा तासांचा मात्र कोठे पत्ता नाही. वेळ निर्माण करणे ही अभियंत्याची गोष्ट आहे आणि वेळ वाटणे ही न्यायाची गोष्ट आहे. केन्सने पहिलीवरून दुसरीचा अंदाज बांधला.

वाटपाचा हा अन्याय कारखान्यातच होतो असे मात्र नाही. दिवाळीचा फराळ समोर घेऊन हा लेख वाचणाऱ्या घरातही तो असू शकतो. आपल्या आजी-पणजी पहाटे उठून जात्यावर दळीत. गावात पिठाची गिरणी आली आणि बाईची पहाट मोकळी झाली, असे आपण म्हणतो. जात्यावरच्या ओव्या गेल्या, हे हळहळून सांगणारे पुष्कळ आहेत. पण ती वाचलेली पहाट त्या बाईला मिळाली काय, हे सांगणारे थोडे. गिरणी आली, मग गॅस आला, मिक्सर आला, धुण्याचे यंत्र आले. रूथ श्वार्ट्झ कोवन या अमेरिकन विदुषीने १९८३ साली तिकडच्या घरांचा इतिहास लिहून दाखवले, की घरकामाची यंत्रे आली तरी बाईचे कामाचे तास त्या मानाने घटले नाहीत. पूर्वी आठवड्याने धुवायचे कपडे रोज धुवायचे झाले. पूर्वी जी कामे पुरुष आणि मुले करीत, ती यंत्राने सोपी होऊन बाईच्याच अंगावर आली. आपल्या घरात काय झाले? पूर्वी सणाला दोन पदार्थ होत, आता सात होतात, कारण आता सोपे झाले आहे ना! टेलरच्या मजुराचे सत्तेचाळीस टन आणि आपल्या घरातले सात पदार्थ यांच्यामागची वृत्ती एकच आहे.

येथवर आले म्हणजे मिस्त्रीचा पक्ष सर्वस्वी खरा, असे वाटू लागते. उरलेला वेळ त्याचाच. त्याने तो कोणाला न सांगता उपभोगावा. परंतु येथे थांबावे लागते. कारण वाचलेला वेळ पुष्कळदा वाचलेला नसतोच, तो दुसऱ्याचा घेतलेला असतो.

एखादा वायरमन खांबावरचे काम घाईने उरकतो आणि लवकर घरी जातो. चार दिवसांनी तार सुटते, आणि ऐन पाण्याच्या पाळीत शेतकऱ्याची रात्र विहिरीवर जागण्यात जाते. वायरमनचा वाचलेला तास शेतकऱ्याच्या रात्रीतून आला. एखादा वरिष्ठ आपले काम उमेदवाराच्या गळ्यात घालतो आणि स्वतः मोकळा होतो. त्याचा तास उमेदवाराच्या संध्याकाळीतून आला. यांना कार्यक्षमता म्हणणे म्हणजे उसनवारीला मिळकत म्हणण्यासारखे आहे. तेव्हा पहिली कसोटी ही, की वाचलेला तास दुसऱ्या कोणाच्या तरी दिवसात काम होऊन पडलेला नसावा. दुसऱ्या मिस्त्रीचा तास या कसोटीला उतरतो. त्याने रूळ नीट लावला, त्यात कोणाचेच नुकसान नाही. रुई चांगली निघाली, हमालाचा खोळंबा वाचला, कापसाची गाडी रात्रभर दारात उभी राहिली नाही. ज्ञानातून निघालेला तास हा असा असतो. तो कोणाकडून हिरावून घेतलेला नसतो, पूर्वी नव्हता तो नव्याने जगात आलेला असतो.

असा तास कोणी कसा वापरला, याची दोन उदाहरणे प्रसिद्ध आहेत. आइन्स्टाइन १९०२ ते १९०९ पर्यंत बर्नच्या पेटंट कचेरीत तांत्रिक परीक्षक होता. आठवड्याचे सहा दिवस, रोजचे आठ तास. नव्या शोधांचे अर्ज तपासण्यात तो इतका तरबेज झाला, की दिवसाचे काम थोड्या तासांत उरके, आणि मग तो मेजाच्या खणातले आपले कागद काढी. १९०५ साली भौतिकशास्त्र बदलून टाकणारे जे निबंध त्याने लिहिले, त्यांत त्या खणातल्या कागदांचा वाटा आहे. दुसरे उदाहरण चंद्रशेखर वेंकट रामन यांचे. १९०७ पासून दहा वर्षे ते सरकारच्या हिशेबखात्यात अधिकारी होते. मधे काही काळ त्यांची बदली आपल्या नागपुरातही झाली होती. कलकत्त्याला असताना ते कचेरीपूर्वी पहाटे आणि कचेरीनंतर रात्री प्रयोगशाळेत जात. एकाने कचेरीच्या वेळात वेळ काढला, दुसऱ्याने कचेरीच्या वेळाला हात न लावता. नीतीच्या कडक पुस्तकाप्रमाणे रामन निर्दोष आणि आइन्स्टाइन थोडा दोषी ठरेल. पण त्याच्या हाती आलेले अर्ज नीट तपासले गेले होते. कचेरीने त्याला १९०६ साली बढतीही दिली. कचेरीला जे हवे होते ते तिला मिळाले. तिला आणखी काय हवे होते? त्याने उरलेले पाच तास खुर्चीत बसून कामात असल्याचे सोंग करावे, हे? दुर्दैवाने पुष्कळ ठिकाणी नेमके हेच हवे असते. मिस्त्रीने निदान पाना हातात घेऊन हिंडावे, असे शेटजींना वाटते. वेळेपेक्षाही जास्त नासाडी येथे होते. कारण या मागणीत माणसाला रोज थोडे खोटे वागण्याचे वळण लागते.

आता कोणी म्हणेल, आइन्स्टाइन विरळा. सामान्य माणसाने मोकळ्या वेळात काय दिवे लावले? हा आक्षेप मला मान्य नाही. विश्रांतीचा हक्क कर्तबगारीवर अवलंबून ठेवता येत नाही. आमच्या शेतकऱ्याने तो बैलाच्या बाबतीतसुद्धा तसा ठेवलेला नाही. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलाचे खांदे लोण्याहळदीने शेकतात, त्याला उद्याच्या जेवणाचे आवतण देतात, आणि पोळ्याच्या दिवशी त्याच्या मानेवर जू ठेवीत नाहीत. बैलाने त्या मोकळ्या दिवसात काय साधले, असे कोणी विचारीत नाही. त्याने वर्षभर ओढले, एवढे पुरते. मुंबईच्या गिरणीत रविवार मिळण्याच्या कितीतरी आधीपासून वऱ्हाडच्या बैलाला हा दिवस मिळत आला आहे, ही गोष्ट आपल्या संस्कृतीचे भूषण म्हणावी की माणसाच्या वाट्याला आलेली उपेक्षा म्हणावी, हे ज्याचे त्याने ठरवावे.

पण मिस्त्री स्टुलावर बसला आहे तो खरोखर मोकळा आहे काय? आपल्या भाषेने दोन शब्द वेगळे ठेवले आहेत: रिकामा आणि मोकळा. रिकामे म्हणजे ज्यात काही नाही ते. मोकळे म्हणजे जे बांधलेले नाही ते. मिस्त्री रिकामा दिसतो, पण तो बांधलेला आहे. त्याचा कान रेच्याला बांधलेला आहे. चार रेच्यांच्या घरघरीत एकाचा सूर बदलला, तर त्याला उठायचे आहे. म्हणून शेटजी त्याला देतात तो पगार हालचालीचा नसून त्या जागत्या कानाचा आहे. आणि म्हणून "बसून पगार खाता" हा आरोप खोटा आहे. परंतु त्याचबरोबर, ते सहा तास माझे, हा मिस्त्रीचा दावाही तितकाच खोटा ठरतो. तो तेथे बसून पोथी वाचू शकेल, पण मुलीच्या शाळेतल्या संमेलनाला जाऊ शकणार नाही.

आजच्या तांत्रिक कामाचे दुखणे मला येथे दिसते. पूर्वी भोंगा झाला की मिस्त्रीचा कान सुटे. तो घरी जाई तो पुरा घरी जाई. आता खिशात फोन आहे. कोठल्या तरी गावातले रोहित्र, कोठल्या तरी शहरातला संगणक, कोठल्या तरी बँकेचे यंत्र बिघडले, की जेवणाच्या ताटावर घंटी वाजते. काम पूर्वीपेक्षा लवकर होते हे खरे; पण कान चोवीस तास बांधलेला राहतो. कार्यक्षमतेने आम्हाला रिकामे केले, मोकळे केले नाही. लक्ष्मीपूजनाच्या वेळी एका डोळ्याने फोनकडे पाहणारा मुलगा आपल्या घरात असेल, तर तो आळशीही नाही आणि कर्तव्यदक्षही नाही. तो दाराशी बसलेला मिस्त्री आहे आणि त्याचे स्टूल घरापर्यंत आले आहे.

तेव्हा उरलेल्या घटकेची वाटणी करायची तर कशी करावी? घटका म्हणजे चोवीस मिनिटे. लग्नात पूर्वी पाण्यावर ठेवलेले भोकाचे पात्र बुडून ती मोजली जाई, आणि ते पात्र वराचे किंवा वधूचे नसे, साऱ्या मांडवाचे असे. न्यायाचा एक नमुना आपल्याजवळ आहे. आमच्याकडे शेत बटईने देतात. जमीन एकाची, राबणूक दुसऱ्याची, पिकाची वाटणी दोघांत. बटईतही अन्याय होतात, हे शेतकऱ्याला सांगायला नको. पण तिच्यातले तत्त्व साधे आणि खरे आहे: ज्या पिकात दोघांचे काही आहे, ते एकट्याचे नव्हे. रेचा मालकाचा, अक्कल मिस्त्रीची. दोन्ही एकत्र आल्यावाचून तो तास उगवला नसता. मग तो बटईने का वाटू नये? ज्ञानाने सहा तास वाचले तर तीन मालकाला मिळोत; त्यांत मिस्त्रीने पुढच्या हंगामाची तयारी करावी, नवी युक्ती शोधावी. तीन मिस्त्रीला मिळोत, आणि ते स्टुलावरचे नकोत, फाटकाबाहेरचे हवेत. त्या वेळात कान सांभाळायला दुसरा माणूस असावा.

अशी वाटणी असेल तर संगणकावरच्या मुलाला आपली आज्ञावली लपवावी लागणार नाही. आज तो लपवतो, कारण सांगितले तर सगळेच जाते. मालक सगळे घेतो म्हणून कामगार लपवतो, आणि कामगार लपवतो म्हणून मालक घड्याळ लावतो. टेलरने पाहिलेले चक्र ते हेच. ते आधी कोणी तोडावे? माझ्या मते ज्याच्या हाती अधिक आहे त्याने. मालकाने आधी शब्द द्यावा, की युक्ती सांगणाऱ्याचा दर कापला जाणार नाही आणि युक्तीमुळे त्याच्या जोडीदाराची भाकरी जाणार नाही. मग कामगाराने लपवू नये. शब्द मिळाल्यावरही लपवणे मात्र चोरीच्या जवळ जाते, कारण ज्ञान लपवल्याने मरते. मिस्त्रीने हाताखालच्या पोराला रुळाची खाच शिकवली नाही, तर त्याच्यामागे ते जिनिंग पुन्हा पान्याच्या धावपळीवर येते.

आणखी एक माणूस या हिशेबात आहे, आणि त्याच्यावाचून हिशेब पुरा होत नाही. जिनिंगमध्ये यंत्र येऊन दीड शतक होत आले. पण आमच्या शेतातला कापूस अजून बाईच बोटांनी वेचते. ओटीत कापूस भरत ती ओळीने जाते, संध्याकाळी वजन होते आणि किलोवर मजुरी मिळते. तिचा हात कितीही चपळ असो, तिला तास वाचत नाही. चपळाईने चार किलो जास्त निघतात, एवढेच. १९२९ साली गांधीजींच्या चरखा संघाने चांगल्या चरख्यासाठी एक लाख रुपयांचे बक्षीस लावले होते. तो झोपडीत चालावा, किंमत दीडशे रुपयांच्या आत असावी, आणि बाईला फार श्रम न पडता आठ तास चालवता यावा, अशा अटी होत्या. ते बक्षीस कोणालाच मिळाले नाही. पुढे गांधीजी कळंबपासून चाळीसेक किलोमीटरवरच्या वर्ध्यालाच येऊन राहिले. यंत्राचा विरोधक म्हणून ओळखला जाणारा हा माणूस यंत्रावर लाख रुपये लावतो, याचे अनेकांना नवल वाटते. मला त्यातली आठ तासांची अट महत्त्वाची वाटते. तास कमी करणारा चरखा त्यांनी मागितला नाही. त्याच आठ तासांत अधिक सूत आणि कमी शीण मागितला. कारण ज्याचे पोट भरलेले नाही, त्याला वाचलेला तास भाकरीच्याच रूपाने हवा असतो. मोकळा वेळ ही पोटभर जेवलेल्या माणसाची भूक आहे.

म्हणून तांत्रिक कामातल्या माणसाने आपल्या वाचलेल्या तासाबद्दल थोडे ऋण मानले पाहिजे. त्याच्या रेच्यात पडणारा कापूस अशा बोटांतून आला आहे, ज्यांना रेच्याने एकही घटका दिली नाही. ते ऋण फेडण्यासाठी त्याने आपला मोकळा वेळ टाकून द्यावा, असे मी म्हणत नाही. एकाने मोकळेपण टाकले म्हणून ते दुसऱ्याला मिळत नाही. परंतु ज्याच्या कानात आणि बोटांत यंत्राची विद्या आहे, त्याने कधी या बाईच्या पाठीकडे पाहावे. ओटीचे ओझे कमरेवरून खांद्यावर कसे घ्यावे, बांधापाशी सावली कशी करावी, वजनाचा काटा तिला वाचता येईल असा कसा लावावा, या गोष्टी शोध म्हणून लहान आहेत. पण त्यांतून तिची एखादी घटका वाचू शकते, आणि निदान ती घटका तिच्या मापातून चोरली जाणार नाही.

२०२४ च्या फेब्रुवारीत वर्ध्याहून कळंबपर्यंत रेल्वे सुरू झाली. वर्धा-यवतमाळ-नांदेड या मोठ्या मार्गाचा तो पहिला तुकडा. गाडी आली म्हणजे वेळ वाचणार, असे सगळे म्हणतात, आणि ते खरेच आहे. पण तो वेळ बाजाराला जाईल, कचेरीला जाईल, की संध्याकाळी अंगणात बसायला मिळेल, हे रूळ ठरवीत नाहीत. ते आपण ठरवायचे असते, आणि एकट्याने नव्हे, घरात, आळीत, कारखान्यात एकमेकांना विचारून ठरवायचे असते.

दिवाळीचे चार दिवस ही अशीच वाटून घेतलेली सुटी आहे. ती कोणा एकाच्या हुशारीने मिळालेली नाही. सगळ्यांनी मिळून काम खाली ठेवले म्हणून ती आहे. हे चार दिवस तरी घरातल्या प्रत्येकाला मोकळे मिळोत, रिकामे नव्हे. फराळाच्या ताटाभोवती सारे बसलेले असताना एकदा मोजून पाहावे, की कोण बसले आहे, कोण अजून स्वयंपाकघरात उभे आहे, आणि कोणाचा कान फोनला बांधलेला आहे. मोजून झाल्यावर जो बसला आहे त्याने उठावे, आणि जी उभी आहे तिला बसवावे. उरलेल्या घटकेची वाटणी येथपासून सुरू करता येईल. त्यासाठी कायदा लागत नाही.